ट्रकमध्ये इन्व्हर्टर बसवताय? पैसे देण्याआधी फ्यूजचं झाकण उघडून बघा

माझी एक जुनी सहाचाकी आहे, वडाळा ते न्हावाशेवा फेऱ्या मारते. पोर्टच्या लाइनीत कधीकधी अख्खी रात्र जाते म्हणून ड्रायव्हर मागे लागला, शेठ एक इन्व्हर्टर टाकून द्या, पंखा चालेल, भाताचा कुकर लावता येईल, बाहेरचं खाऊन पोटाची वाट लागते. मागणी रास्तच होती. टर्मिनलजवळच्या एका फिटरकडे हजार वॉटचा इन्व्हर्टर मजुरीसकट ११,५०० ला ठरला. फिटर म्हणाला, "वायर प्युअर कॉपर आहे शेठ, फ्यूजपण टाकलाय." बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वेगळा पडेल, मी पण पैसे वाचतायत म्हणून गप्प बसलो. तो गाढवपणा माझाच.

तीन आठवड्यांनी रात्री ड्रायव्हरचा फोन, वाशी खाडीपुलाच्या अलीकडे, सीटमागून धूर येतोय. चावी बंद केली तरी धूर, कटऑफ, म्हणजे बॅटरी तोडायचा स्विच, फिरवला तरी धूर, कारण त्या पठ्ठ्याने वायर कटऑफच्या आधी थेट बॅटरीला टोचलेली. पोराने पाना घेऊन बॉडीची अर्थ केबल काढली म्हणून केबिन वाचली.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने सगळं उघडलं. फ्यूज होल्डरमध्ये फ्यूज नव्हताच, दोन टोकांना तांब्याच्या तारा पिळून वर छान झाकण लावलेलं! वायर ब्लेडने खरवडली तर वरून तांबं, आतून पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमला नुसता मुलामा. तीही जेमतेम ४ चौरस एमएम. आता हिशोब बघा, ७०० वॉटचा कुकर १२ व्होल्टवर जवळपास ६० अँपिअर खेचतो, इन्व्हर्टरचं स्वतःचं नुकसान धरलं तर ६५-७०, त्याला १६ चौरस एमएमची केबल लागते. त्यात वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली, भोकाच्या धारेवर बसवायची रबरी कडी, ग्रोमेट, नाही, गाडीच्या हादऱ्याने पत्र्याच्या धारेने कव्हर सोललं आणि वायर बॉडीला टेकली. खरा फ्यूज असता तर तिथल्या तिथे उडाला असता.

अजून एक भानगड, गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, आणि याने १२ चा इन्व्हर्टर एकाच बॅटरीवर लावलेला. ती बॅटरी रोज उतरायची, चार्जिंग मात्र दोन्हींना एकत्रच, त्यामुळे दुसरी ओव्हरचार्ज होऊन तिचं पाणी आटलेलं. दोन्ही बदलाव्या लागल्या, त्याचे पैसे वेगळेच. विम्याच्या क्लेमचं विचारलं तर एजंटचा पहिला प्रश्न, फिटिंगचं बिल कुठंय?

आता २४ चाच इन्व्हर्टर घेतलाय, जाड केबल, केबलच्या टोकांना दाबून बसवलेले लग (धातूच्या टोप्या), आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, कारण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरला वाचवणारं काही नसतं.

तो जुना होल्डर घेऊन फिटरकडे गेलो, काउंटरवर ठेवला. त्याने उचलून बघितलापण नाही, म्हणतो, "शेठ, कुकर लावायला कोणी सांगितलं होतं?"