अर्धा गुडघा बदलून नऊ महिने झाले: नेव्हिगेशनचा माझा अनुभव

माझ्या उजव्या गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजली होती. बाहेरची बाजू, वाटी आणि एसीएल लिगामेंट (सांध्याच्या आत दोन्ही हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) शाबूत होतं, म्हणून अर्धाच सांधा बदलायचं ठरलं.

ऑपरेशन नेव्हिगेशनने, म्हणजे कॉम्प्युटरवर मापं बघत होणार होतं. कॉम्प्युटरचं ऑपरेशन म्हटल्यावर यंत्रच हाड कापणार, असं घरच्यांना वाटलं होतं. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यांवर चकाकते गोळे लावतात. इन्फ्रारेड कॅमेरा ते टिपतो आणि पाय किती अंशांनी वाकडा आहे, हाड किती मिलिमीटर कापलं जाईल, हे पडद्यावर दिसतं. कापतो सर्जनच. माझ्या पायाला सात अंशांचा बाक होता, त्यातला दोन अंश मुद्दाम ठेवला. पाय प्रमाणाबाहेर सरळ केला, तर भार बाहेरच्या धडधाकट कूर्चेवर (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत अस्तरावर) जाऊन तीही झिजू लागते. एवढ्या बारीक हिशेबाला माप अचूकच हवं, हे मला तेव्हा पटलं.

पिनांच्या जखमांबद्दल मात्र आधी कोणी चकार शब्द काढला नाही, याचा मला अजून राग आहे. मुख्य टाके सुकले, तरी नडगीवरची दोन बारीक छिद्रं सहा आठवडे ठणकत होती. नुसती चादर घासली तरी जाग यायची. क्वचित त्या जागी हाडाला तडाही जातो. सही घेण्याआधी हे सांगायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वॉकर हातात आला, सहाव्या आठवड्यात काठीही सुटली. व्यायामाने गुडघा १२५ अंशांपर्यंत वाकतो. चौथ्या महिन्यात जिना उतरताना मधेच लक्षात आलं, की कठड्यावर हातच नाही! तिथेच थांबून डोळे पुसले. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला चार बोटं रुंदीचा बधिर पट्टा आहे आणि गुडघा टेकवणं अजून जमत नाही.

नेव्हिगेशनने माप नेमकं येतं, पण त्यामुळे दुखणं कमी होतं किंवा सांधा जास्त वर्षं टिकतो, असं ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय पूर्ण सांध्यापेक्षा अर्ध्या सांध्याला पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून यंत्राच्या आधी सर्जनला विचारा, वर्षाला असे अर्धे सांधे किती करता?

तीन महिन्यांनी माझा वर्षाचा एक्स-रे आहे. बाहेरच्या बाजूला हाडांमधली फट आहे तेवढीच राहिलेली, म्हणजे तिथली कूर्चा न झिजलेली दिसावी.