पाप कोणते, गुन्हा कोणता: सोलापुरातील एका ख्रिस्ती अभ्यासवर्गाचे परीक्षण

ख्रिस्ती विश्वास, समलैंगिकता आणि राजकारण या विषयावर सोलापुरातील एका मंडळीने (म्हणजे चर्चने) दर शनिवारी संध्याकाळी भरवलेला अभ्यासवर्ग नुकताच पार पडला. शुल्क दोनशे रुपये होते आणि त्यात छापील पुस्तिका, चहा व खारी एवढे मिळत होते. आपल्या मराठी मंडळ्यांत हा विषय सहसा दोनच ठिकाणी निघतो. एक तर तरुण संघाच्या शिबिरात, तोही इशाऱ्याच्या सुरात, नाही तर वडीलमंडळाच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या 'वडिलांच्या', बंद दाराआड, कोणाच्या तरी घरची गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये म्हणून. अशा वेळी निरनिराळ्या मंडळ्यांतील लोकांना, काही कॅथलिक बांधवांसह, एका सभागृहात बसवून बायका-पुरुषांच्या एकत्र सभेत या विषयावर आवाज न चढवता बोलता येते, एवढे आयोजकांनी दाखवून दिले, ही साधी गोष्ट नव्हे. वर्गातला शास्त्राभ्यासाचा भाग मला उत्तम वाटला आणि राजकारणाचा भाग उसना वाटला. ज्या मंडळ्यांना आपल्याकडे असा वर्ग भरवायचा आहे, त्यांना उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहितो आहे.

वर्ग घेणाऱ्या पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, आपली भूमिका पहिल्याच दिवशी उघड केली. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात येशूने उत्पत्तीचा दाखला देऊन सांगितलेला एक पुरुष व एक स्त्री यांचा विवाह हीच मंडळीची शिकवण आहे आणि आपण ती बदलायला आलेलो नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण त्यांचे वेगळेपण असे की वचने सुटी काढून वाचण्याची आपली जुनी खोड त्यांनी वर्गात चालू दिली नाही. सदोम नगराच्या नाशाची कथा वाचल्यावर त्यांनी यहूदाच्या पत्रातले सातवे वचनही वाचले आणि यहेज्केल 16:49 सुद्धा, जिथे सदोमाचा दोष म्हणून गर्व, भरल्या पोटीची बेफिकिरी आणि गोरगरिबांना हात न देणे सांगितले आहे. लेवीय 18:22 आणि 20:13 ही पुरुषाने पुरुषाशी संग करण्यास मनाई करणारी दोन वचने सर्वांना तोंडपाठ असतात, म्हणून त्यांनी मुद्दाम मधला 19वा अध्याय वर्गाकडून मोठ्याने वाचून घेतला. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये हा नियम तिथलाच आहे, हे ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघा यंत्रमागवाल्यांनी एकमेकांकडे पाहिले. प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातली समलिंगी संबंधांविषयीची 1:26-27 ही वचने झाल्यावर ते थांबले नाहीत. दुसऱ्याला दोषी ठरवणारा स्वतःला दोषी ठरवतो हे 2:1 लगेच पुढे आहे आणि पौलाच्या लेखी ते एकाच युक्तिवादाचे टोक आहे, असे त्यांनी दाखवले. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली, देवाच्या राज्याचे वतन कोणाला मिळणार नाही याची यादीही त्यांनी अख्खी वाचली, म्हणजे त्यातले लोभी, दारुडे, निंदक आणि वित्त हरण करणारे यांच्यासकट.

विरुद्ध बाजूचा अर्थही त्यांनी प्रामाणिकपणे मांडला. ही वचने शोषण, वासनेचा अतिरेक आणि मूर्तिपूजा यांविषयी आहेत, दोन प्रौढ व्यक्तींच्या निष्ठावान सहजीवनाचा प्रश्न त्या काळी लेखकांपुढे नव्हताच, असे मानणारे ख्रिस्ती अभ्यासक आहेत. त्यांचे म्हणणे खिल्ली न उडवता सांगून मग आपल्याला ते का पटत नाही हे त्यांनी सांगितले. यशया 56 मधील षंढांना दिलेले अभिवचन आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला कूशी षंढ यांना मात्र त्यांनी दहा मिनिटांत उरकले, ते मला खटकले. नियमाने ज्याला सभेबाहेर ठेवले होते त्याला सुवार्तिक फिलिप्प कोणतीही अट न घालता बाप्तिस्मा देतो, यावर एक संध्याकाळ सहज गेली असती.

सगळ्या वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारला. ते उभे राहिले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, हुंडा घेणं कायद्यानं गुन्हा हाय. तरी हुंडा घेतलेला माणूस आपल्याकडं वडील म्हणून निवडून येतो, प्रभुभोजनाची ताटं फिरवतो. अन् जे आता कायद्यानं गुन्हा नाही, त्या पोराला आपण दारात उभं करत नाही. हे गणित मला समजावून सांगा." सभागृहात आधी हशा पिकला आणि मग तो आपोआप विरला. पाळकसाहेबांनी कुसळ-मुसळाचे वचन आठवून आपली चूक मान्य केली, ते बरेच झाले. परंतु काकांचा प्रश्न केवळ ढोंगाविषयी नव्हता. पाप म्हणजे काय हे मंडळी ठरवते, गुन्हा म्हणजे काय हे राज्य ठरवते, आणि या दोहोंच्या याद्या एकसारख्या नसतात, ही राजकारणाच्या सत्राची पहिली पायरी काकांनी फुकटात बांधून दिली होती.

ते सत्र मात्र त्या पायरीवर चढलेच नाही. पडद्यावर दिसले ते अमेरिकेतले खटले: समलिंगी विवाहाला देशभर मान्यता देणारा 2015चा निकाल आणि लग्नाचा केक करून देण्यास नकार देणाऱ्या कोलोरॅडोतील बेकरीवाल्याचा 2018चा निकाल. केकवाल्यावर तर भरपूर वेळ गेला. ज्या शहरात निवडणूक उजनीच्या जलवाहिनीवर आणि नळाला किती दिवसांआड पाणी येते यावर लढवली जाते, आणि जिथे नाताळच्या शुभेच्छांचे फलक लावणाऱ्या कोणत्याही उमेदवाराला या विषयाशी काहीही देणेघेणे नसते, तिथे परदेशातले हे भांडण आपले म्हणून सांगण्यात काय हशील होते ते मला कळले नाही. तयार सादरीकरण आयते मिळाले आणि तेच भाषांतर करून वापरले, असे स्पष्ट दिसत होते.

खरे तर सांगण्यासारखा इतिहास आपल्याकडेच भरपूर आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम 377 हे आपल्या परंपरेतून आले नाही आणि मंडळीच्या ठरावातूनही नाही; मेकॉलेच्या आयोगापासून सुरू झालेल्या मसुद्यातून ते 1860 साली वसाहतीच्या सरकारने कायद्यात आणले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तो निकाल फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने ते पुन्हा तेवढ्यापुरते रद्द केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. या लढाईत ख्रिस्ती संस्था प्रेक्षक नव्हत्या. कलम टिकावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिलेल्यांत काही ख्रिस्ती संघटना होत्या, आणि उलट मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी 2013च्या निकालानंतर समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवूनही अशा व्यक्तींना गुन्हेगार मानता येणार नाही अशी भूमिका घेतली होती. पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी 2023 मध्ये, समलिंगी संबंध पाप मानूनही, समलैंगिक असणे हा गुन्हा नव्हे असे जाहीरपणे सांगितले. म्हणजे एकच शिकवण मानणारे लोक या वादाच्या दोन बाजूंना होते. हा मतभेद बायबलच्या अर्थाविषयी नसून पोलिसांचा दंडुका कोणत्या कामासाठी वापरावा याविषयी होता, आणि राजकारणाच्या वर्गात नेमके हेच शिकवायला हवे होते.

इंग्लंडचे उदाहरणही इथे चपखल बसले असते. 1957 साली वुल्फेंडन समितीने प्रौढांमधील खाजगी समलिंगी संबंध गुन्हा मानू नयेत अशी शिफारस केली, तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप फिशर यांनी ते पाप मानूनही त्या शिफारशीला पाठिंबा दिला, आणि त्यांच्यानंतरचे आर्चबिशप रॅम्से यांनी असे संबंध गुन्ह्यातून वगळणाऱ्या 1967च्या कायद्याच्या बाजूने मत मांडले. ज्या मंडळीच्या देशाने आपल्याला 377 दिले, तिच्याच धर्मगुरूंनी आपल्या घरी तसला कायदा काढून टाकायला मदत केली आणि तो आपल्याकडे पुढे पन्नास वर्षे राहिला.

पाळकसाहेबांनी "कैसराचे ते कैसराला" (म्हणजे राज्याचे ते राज्याला) हे येशूचे वचन घेतले खरे, पण ते कर भरण्यापाशीच थांबले. जे बाहेर आहेत त्यांचा न्याय करणे माझे काम नाही, असे पौल पहिल्या करिंथकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी म्हणतो, त्याचा उल्लेखही झाला नाही. माझ्या मते या विषयात आपल्यासारख्या लहान समाजासाठी याहून महत्त्वाचे वचन नाही. दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातीच्या सवलतींतून वगळणाऱ्या 1950च्या आदेशाविरुद्धच्या याचिका 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहेत, आणि त्या समानतेच्या ज्या अनुच्छेदांवर उभ्या आहेत, त्यांतल्याच 14 आणि 15 या अनुच्छेदांचा आधार कलम 377वरच्या 2018च्या निकालाला आहे. त्या सभागृहातली निम्मीअधिक कुटुंबे या आदेशाची झळ सोसत आली आहेत. बहुसंख्यांना न पटणारी जीवनपद्धती राज्याने दडपू नये, हे मागणे आपण प्रार्थनासभांच्या रक्षणासाठी करतो. मग तेच दुसऱ्याने केले तर कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे?

विवाहाच्या कायद्याबद्दल विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तरही मोघम मिळाले. उद्या पाळकांना सक्तीने समलिंगी विवाह लावावे लागतील काय, असे एका ताईंनी विचारले आणि "आपण जागे राहिले पाहिजे" एवढ्यावर विषय संपला. वस्तुस्थिती अशी की समलिंगी विवाहाच्या मान्यतेवरील 2023च्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने स्वतःला 1954च्या विशेष विवाह कायद्यापुरते मर्यादित ठेवले होते. मंडळीत लागणारी लग्ने ज्या 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली येतात, तो त्या वादात नव्हताच. शिवाय 17 ऑक्टोबर 2023 रोजी न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही आणि विषय संसदेवर सोपवला. पुढे 2024 मध्ये सरकारने शिधापत्रिका, बँकेचे संयुक्त खाते अशा काही बाबींत समलिंगी जोडीदारांसाठी स्पष्टीकरणे काढली, एवढेच. हे सांगायला पाच मिनिटे पुरली असती आणि त्या ताई निर्धास्त होऊन घरी गेल्या असत्या.

पुस्तिकेबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. शास्त्रवचनांचा भाग नीट छापला आहे, मात्र शेवटच्या पानावर अशा मुलामुलींना "उपचारासाठी" न्यावे असा सल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढले, मद्रास उच्च न्यायालयाने 2021 साली असले "उपचार" रोखण्याचे निर्देश दिले आणि 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांनी असे उपचार करणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. ज्या पाळकसाहेबांनी तोंडी एवढा समतोल राखला, त्यांच्या हाती हे पान कसे लागले कोण जाणे. एखादी घाबरलेली आई ते पान वाचून मुलाला कुठे घेऊन जाईल याचा विचार छापणाऱ्यांनी करायला हवा होता. ज्यांच्याविषयी वर्ग होता, त्यांच्यापैकी एकाचाही आवाज, निदान चिठ्ठीवर लिहून आलेला अनुभवसुद्धा, वर्गात ऐकू आला नाही, हीही उणीव मोठी आहे. चिठ्ठ्यांची पेटी दाराशी ठेवली होती. ती उघडल्याचे मी पाहिले नाही.

बाकी व्यवस्था ठीक होती. ध्वनिक्षेपक मागच्या रांगांना पुरत नव्हता, वर्ग दर वेळी अर्धा तास उशिरा सुरू होई, आणि चहा मात्र वेळेवर व कडक. शास्त्राभ्यासासाठी दोनशे रुपये अजिबात जास्त नाहीत. ज्यांना ही वचने संदर्भासकट वाचायची आहेत त्यांनी, मत कोणतेही असो, जरूर जावे. पुढची तुकडी घेण्याचा आयोजकांचा विचार आहे असे सांगण्यात आले. नाव नोंदवताना पुस्तिकेचे शेवटचे पान काढले आहे का आणि राजकारणाच्या सत्राला सोलापूरच्या न्यायालयात वकिली करणारे कोणी बोलावले आहे का, हे दोन्ही विचारून घ्यावे.