.३१५ रायफलच्या दस्त्याला घरी केलेले पॅड : हिवाळा ते पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

ईशापूरच्या बंदूक कारखान्यातल्या .३१५ रायफलच्या दस्त्याला मागे फक्त धातूची पट्टी असते, आणि सुमारे १६ ग्रॅम वजनाची गोळी सुटताना बसणारा धक्का त्या अरुंद, टणक पट्टीतून सरळ खांद्याच्या हाडावर येतो. खांदा दुखतो ही त्यातली लहान तक्रार. खरे नुकसान नेमाचे होते, कारण शरीर धक्क्याची वाट पाहू लागते आणि चाप दाबण्याच्या क्षणीच खांदा आखडून नळी खाली जाते. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी दस्त्यावर चढवता येईल असे पॅड घरी तयार केले आणि तेव्हापासून रेंजवर तेच वापरत आहे.

दस्त्याचे लाकूड कापायचे नाही किंवा त्याला नवे छिद्र पाडायचे नाही, हे मी आधीच ठरवले होते. ईशापूरचा जुना दस्ता पुन्हा मिळणे कठीण असते. त्यामुळे चामड्याची टोपी, तिच्या तळाशी रबर आणि बाजूला आवळायची नाडी अशी रचना केली. मी उजव्या खांद्यावरून नेम धरतो, म्हणजे गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो, म्हणून नाडी उजवीकडे घेतली. रायफल खांद्याला अडकवायच्या पट्ट्याची कडी दस्त्याच्या खालच्या बाजूला असते, तिच्यासाठी चामड्यात खाच ठेवावी लागते, नाहीतर टोपी पूर्ण वर चढत नाही.

सगळे यश रबराच्या निवडीवर अवलंबून आहे. गादीचा फोम बोटाने दाबला तर छान वाटतो, पण धक्क्याखाली तो क्षणात चपटा होतो आणि पुढचा मार पुन्हा पट्टीचाच बसतो. टायरचे रबर दबतच नाही. मधुमेह्यांच्या आणि कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी करतात त्या चपलांमधले एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचे मऊ रबर, या कामाला मला सर्वांत योग्य वाटले. ते दबते, पण तळ गाठत नाही, आणि लगेच मूळ जाडीवर येते. पट्टीकडून एमसीआरचा जाड थर आणि बाहेरून चपलेच्या सोलचा पातळ, घट्ट थर असे दोन थर मोच्याकडच्या सोल चिकटवण्याच्या गोंदाने जोडले. दोन्ही बाजूंना गोंद लावून तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे आणि मगच थर दाबावेत, इतकी काळजी पुरते. वरची कड गोल घासून चामड्याने मढवली, कारण उघडे रबर सदऱ्यात अडकते आणि रायफल खांद्याला लावताना दस्ता मध्येच थांबतो.

पॅडमुळे धक्क्याचा एकूण जोर घटत नाही. तो जास्त जागेवर आणि किंचित जास्त वेळात पसरतो, एवढेच. तरीही फरक मोठा आहे. सोबत्याने मला न सांगता मध्येच खोटे, म्हणजे न उडणारे काडतूस भरले की पूर्वी चाप दाबताच नळीचे टोक ठळकपणे खाली झुके. आता बहुतेक वेळा ते स्थिर राहते. एका बैठकीत अधिक गोळ्या सावकाश झाडता येतात आणि शेवटच्या गोळ्याही पहिल्यांच्या जवळ पडतात.

किंमत मोजावी लागते ती लांबीत. दस्ता सुमारे दोन सेंटीमीटरने वाढला. माझे हात लांब असल्याने ते मला सोयीचेच झाले, पण आखूड हाताच्या नेमबाजाला, विशेषतः थंडीत जाड कपड्यांवर, चापापर्यंत बोट नीट पोहोचणार नाही. दस्त्याचे टोक कोपराच्या खळीत ठेवून बोटाचे पेर चापावर सहज टेकते का, हे रबर कापण्यापूर्वी पाहावे.

उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवल्यावर गोंद एका कडेला सुटला होता, तो पुन्हा लावल्यावर टिकला. बंदुकीचे तेल मात्र रबराला लागू देऊ नये, त्याने ते फुगते. पावसाळ्यात चामड्याखाली ओल साठते, म्हणून प्रत्येक वापरानंतर टोपी काढून पट्टी कोरडी पुसतो आणि रायफल कपाटात टोपीशिवायच ठेवतो.