स्टॅम्प, डाय की कटिंग मशीन? हाताने शुभेच्छापत्रं करायची तर आधी काय घ्यावं

परदेशी व्हिडिओ बघून शुभेच्छापत्रांच्या नादाला लागलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न खर्चाचा असतो. आधी स्टॅम्प घ्यावेत, डायने (म्हणजे धातूच्या धारदार साच्याने) कागद कापायचं हँडलवालं मशीन घ्यावं, की थेट कॉम्प्युटरला जोडायचं इलेक्ट्रॉनिक मशीन? तिन्हींत अंतर बरंच आहे. एखादा बरा स्टॅम्प, ॲक्रिलिकचा ठोकळा आणि एक इंक पॅड यांचा हिशेब शेकड्यांत राहतो. हातमशीन आणि दोनचार डाय म्हटलं की काही हजार लागतात. इलेक्ट्रॉनिक मशीन पाच आकड्यांत जातं, आणि त्याच्या चिकट मॅट नि पाती अधूनमधून बदलाव्या लागतात ते वेगळंच.

माझं मत आधीच सांगते: कार्डं मराठीत करायची असतील तर सुरुवात स्टॅम्पने करा, पहिली शाई पाण्याला न विरघळणारी काळी घ्या, आणि मशीनचा विचार पहिली दिवाळी पार पडल्यावर करा. याला एकच मोठा अपवाद आहे, तो पुढे येईल.

स्टॅम्प: पारदर्शक, रबरी आणि करवून घेतलेला

पारदर्शक स्टॅम्प ठोकळ्यावर चिकटतो आणि आरपार दिसत असल्याने ठसा नेमका कुठे पडणार हे कळतं. नवशिक्याला एवढं एक कारण पुरेसं आहे. पण पारदर्शक म्हणून विकले जाणारे सगळे स्टॅम्प सारखे नसतात. फोटोपॉलिमरचे चांगले, शाई एकसारखी धरतात आणि बारीक रेघही उमटवतात. स्वस्तातले सिलिकॉनचे स्टॅम्प शाई झटकतात, तिचे थेंब होतात आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा उमटतो. ते खोडरबराने हलकेच घासून घेतले तर सुधारतात, पण फोटोपॉलिमरची सर येत नाही. फोटोपॉलिमरला मात्र ऊन सोसत नाही. खिडकीत ठेवला तर पिवळा पडतो, पुढे कडक होतो. शाईचा डाग राहिला तर घाबरू नका, त्याने ठशात फरक पडत नाही.

लाल रबराचे स्टॅम्प, लाकडावर बसवलेले असोत की फोमवर, जास्त टिकतात. सॉल्व्हंटवाली शाई आणि तिचा क्लीनर त्यांना चालतो. ठसा नेमका कुठे पडेल ते दिसत नाही, हा त्यांचा तोटा. त्यावर उपाय म्हणून स्टॅम्प प्लॅटफॉर्म मिळतो: बिजागरीचं झाकण, खाली कागद धरायला लोहचुंबक. झाकणाला स्टॅम्प चिकटवला की दहा वेळा दाबला तरी ठसा त्याच जागी. 'मिस्टी' हे त्यातलं प्रसिद्ध नाव. संक्रांतीची चाळीस कार्डं एकसारखी करायची असतील तर दुसरा स्टॅम्प सेट घेण्याऐवजी प्लॅटफॉर्म घ्या. अर्धवट उमटलेला ठसा त्याच जागी पुन्हा मारता येतो, त्यामुळे कागद फुकट जात नाही.

आता खरी अडचण. तयार सेटमधले शब्द इंग्रजी असतात: हॅपी बर्थडे, थँक यू, मेरी ख्रिसमस. चित्रांतही हिममानव आणि होली नावाच्या झुडपाची काटेरी पानं. पाडव्याला त्यांचं काय करणार? यावरचा उपाय ऑनलाइन दुकानात नाही, तालुक्याच्या गावी कोर्टाच्या किंवा तहसील कचेरीच्या आसपास असतो. रबरी शिक्के करून देणारा माणूस 'प्रोप्रायटर' आणि 'सचिव'चे शिक्के जसे करतो तसाच 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' करून देतो. स्वतःच्या हस्ताक्षरात काळ्या पेनाने लिहून, स्वच्छ स्कॅन करून दिलंत तर तुमच्याच अक्षराचा स्टॅम्प होतो. हे मला कुठल्याही आयात सेटपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. त्याला दोनच गोष्टी बजावून सांगा. हँडल लावू नकोस, नुसतं रबर दे (ते दुहेरी टेपने ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर बसतं). आणि अक्षर फार लहान करू नकोस. 'शुभेच्छा'मधला च्छ लहान आकारात शाईने भरून जातो आणि काळा गोळा उमटतो. रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

शाई: इथेच पैसे चुकीच्या जागी जातात

घरात असलेलं ऑफिसचं निळं-जांभळं स्टॅम्प पॅड चालेल का? बिलावर चालेल, कार्डावर नाही. ती शाई जाड कागदावर लवकर वाळत नाही, हात लागला की फासते, आणि वरून ओला ब्रश फिरवला की वाहून जाते. शिवाय त्या पॅडचा पृष्ठभाग डबीच्या कडेच्या आत असतो, त्यामुळे पॅडपेक्षा मोठा स्टॅम्प त्यात मावत नाही. कार्डाच्या कामाचं पॅड कडेच्या वर उचललेलं असतं. स्टॅम्प उताणा ठेवून त्यावर पॅड थोपटायचं, म्हणजे लहानशा पॅडनेही मोठा स्टॅम्प भिजतो.

शायांचे मुख्य दोन वर्ग. डाय इंक कागदात मुरते, झटपट वाळते, पारदर्शक असते. पांढऱ्या कागदावर छान, काळ्या किंवा खाकी कागदावर जवळजवळ दिसतच नाही, आणि वर्षानुवर्षं उजेडात राहिली तर फिकी पडते. पिगमेंट इंक कागदाच्या वर बसते, दाट असते, गडद कागदावर पांढरी किंवा सोनेरी रेघ तिनेच उमटते. पण ती सावकाश वाळते. चकचकीत, लेप दिलेल्या कागदावर तर ओलीच राहते. (नावातला गोंधळ लक्षात ठेवा: डाय इंकमधला डाय म्हणजे विरघळणारा रंग, कापायच्या डायशी त्याचा संबंध नाही.)

मग पहिलं पॅड कोणतं? ठसा मारून तो रंगवणार कशाने यावर ते ठरतं. अल्कोहोल मार्करने रंगवणार असाल तर त्सुकिनेको कंपनीची मेमेंटो ही डाय इंक नेहमी सुचवली जाते, कारण मार्करखाली ती पसरत नाही. पण आपल्याकडे बहुतेक घरांत मार्करचे महागडे संच नसतात. कॅमलच्या जलरंगाच्या वड्या किंवा ट्यूब असतात. जलरंगाखाली मेमेंटो फुटते. तिथे रेंजरची आर्काइव्हल किंवा तिच्यासारखी पाण्याला दाद न देणारी काळी शाई हवी. म्हणून पहिलं पॅड ते. स्टेझऑन ही शाई काच, प्लास्टिक, धातू अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागांसाठी उत्तम, पण सॉल्व्हंटवाली असल्याने पारदर्शक स्टॅम्पवर सांभाळून.

दुसरं पॅड रंगीत घेऊ नका. व्हर्सामार्कसारखं रंगहीन, चिकट पॅड घ्या आणि सोबत सोनेरी एम्बॉसिंग पावडर. ठसा मारायचा, पावडर भुरभुरायची, उरलेली झटकून परत डबीत भरायची आणि हीट गनने तापवायचं. पावडर वितळून चकचकीत उठाव येतो, आणि लाल किंवा जांभळ्या कागदावर तो पैठणीच्या जरीसारखा दिसतो. दिवाळी नि लग्नाच्या कार्डांसाठी मला यापुढे कुठलीच डाय दिसत नाही. हेअर ड्रायरने मात्र हे होत नाही: त्याची हवा जोरात असते आणि उष्णता कमी, त्यामुळे वितळण्याआधी पावडर उडून जाते.

डिस्ट्रेस इंक हा डाय इंकचाच एक प्रकार व्हिडिओत सर्वांत जास्त दिसतो, कारण पाणी शिंपडलं की तिचे रंग पसरतात आणि ब्रशने आकाश, संध्याकाळ सुरेख घोटता येते. पार्श्वभूमीसाठी ती छानच. पण ठसा मारून जलरंगाने रंगवायचा असेल तर तिचा तोच गुण आड येतो. सुरुवातीला एकदोन छोटी पॅड पुरतात, पूर्ण रंगमालिकेच्या मागे लागू नका.

पावसाळ्याचं एक सांगायला हवं. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर पिगमेंट इंक वाळता वाळत नाही, कागद वळतो, आणि एम्बॉसिंग पावडर जिथे नको तिथे चिकटते, विशेषतः बोट लागलेल्या जागी. ठसा मारण्याआधी कागदावर कॉर्नफ्लोअरची छोटी पुरचुंडी फिरवली तर बराच त्रास वाचतो. राखीची कार्डं नेमकी याच दिवसांत करायची असतात, तेव्हा तिथे डाय इंक बरी.

डायचं हातमशीन

धातूची पातळ डाय, खालीवर कापायच्या प्लेटा, मध्ये कागद, आणि हँडल फिरवून ते सगळं रुळांमधून काढायचं. सिझिक्सचं बिग शॉट हे त्यातलं घरोघरी पोचलेलं नाव. वीज लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद सहज कापतो, आणि कड इतकी स्वच्छ येते की कात्रीने तसं कापायला फार सराव लागतो. कागदावर उठावाची नक्षी दाबणारे एम्बॉसिंग फोल्डरही याच मशीनमध्ये चालतात. हात दुखत असतील तर मोटरवालं मिळतं, जेमिनीसारखं.

घेताना दोन मापं तपासा. छोटी, खेळण्यासारखी दिसणारी मशीनं स्वस्त असतात, पण त्यांचं तोंड जेमतेम ३ इंच, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. ए४ कागद आडवा अर्धा करून दुमडला की होणारं आपलं नेहमीचं ए६ कार्ड १०.५ सेंटिमीटर रुंद. त्याची पूर्ण चौकट त्या तोंडातून जाणार नाही. फुलं, पणत्या नि शब्द तेवढे कापाल. ६ इंची मशीन घेणं शहाणपणाचं.

दुसरं माप दुकानदार सांगत नाही. बहुतेक आयात डाय अमेरिकी कार्डाच्या मापाच्या असतात: सव्वाचार बाय साडेपाच इंच, म्हणजे १०.८ बाय १४ सेंटिमीटर. ते याला ए२ म्हणतात, आपला मोठा ए२ कागद नव्हे. आपलं ए६ आहे १०.५ बाय १४.८. म्हणजे पूर्ण कार्ड झाकणारी डाय आपल्या कार्डाच्या कडेने ३ मिलिमीटर बाहेर डोकावते आणि खाली-वर ८ मिलिमीटर कमी पडते. कार्डच अमेरिकी मापाचं करावं तर अमेरिकी लेटर कागदातून तशी दोन निघतात, पण आपल्या ए४ मधून एकच: दोन पट्ट्यांना २१.६ सेंटिमीटर रुंदी लागते आणि ए४ असतो २१. सहा मिलिमीटरसाठी अर्धा कागद वाया. त्यामुळे पूर्ण मापाच्या डाय टाळा. एकात एक बसणाऱ्या गोल किंवा चौकोनी डायचा संच घ्या, तो कुठल्याही मापाच्या कार्डावर चालतो.

हातकागदावर मात्र डायही अडखळते. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. तसा चिंध्यांपासून केलेला कागद हातात घेतला की मोह होतोच. त्याचे लांब तंतू नाजूक नक्षीच्या डायमध्ये नीट तुटत नाहीत आणि खडबडीत पृष्ठभागावर बारीक रेघेचा ठसाही तुटक उमटतो. असा कागद कार्डाच्या पायासाठी वापरा आणि ठशाचं काम गुळगुळीत कागदाच्या तुकड्यावर करून वर चिकटवा.

इलेक्ट्रॉनिक मशीन, आणि तो अपवाद

क्रिकट, सिल्हूएट, ब्रदरचं स्कॅनकट ही नावं कानावर आली असतील. डायमध्ये जो आकार विकत घेतला तोच कापता येतो, इथे मनात येईल तो. नुसत्या फुलापानांसाठी एवढा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण देवनागरी अक्षरं कापून चिकटवायची असतील तर गणित बदलतं, कारण मराठी शब्दांची तयार डाय मिळणं कठीण आणि करवून घेणं महाग.

देवनागरीची इथे एक मोठी सोय आहे. रोमन अक्षरं सुटी पडतात, ती चिकटवताना ओळ वाकडी होते. आपला शब्द शिरोरेषेमुळे एकसंध निघतो. सुटे पडतात ते अनुस्वार, चंद्रबिंदू. ते चिमट्याने लावायचे. ठळक फॉन्ट घ्या. 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत, आणि बलूची जाड वळणं पात्याला सोपी जातात. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं विस्कटली तर शब्द इंकस्केप या मोफत चित्रप्रोग्राममध्ये लिहा, त्याच्या बाह्यरेषा करा आणि 'युनियन' देऊन सगळी अक्षरं एक करा. ही शेवटची पायरी गाळली तर जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर येतात तिथेही पातं कापत जातं, आणि हातात तुकडे येतात.

कंपनी निवडताना इथेच बघा. इंकस्केपमध्ये केलेला शब्द एसव्हीजी फाइल (बाह्यरेषांची फाइल) म्हणून साठवतात, आणि क्रिकटचं सॉफ्टवेअर ती पैसे न घेता उघडतं. सिल्हूएटची मूळ मोफत आवृत्ती ती उघडत नाही, त्यासाठी डिझायनर एडिशन विकत घ्यावी लागते. मात्र पीएनजी चित्रावरून कापायची रेघ काढता येते. स्कॅनकटचं वैशिष्ट्य वेगळं: स्टॅम्प मारून रंगवलेला कागद ते स्वतः स्कॅन करून चित्राच्या कडेने कापतं. आधीच भरपूर स्टॅम्प असलेल्यांनी त्याचा विचार करावा.

पाकिटात घालण्याआधी

कार्ड हातात द्यायचं असेल तर थरांवर थर चढवा, मोती लावा. टपालाने जाणार असेल तर वजन बघा. साध्या पत्राचा दर २० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतो. ३०० जीएसएमचं ए६ कार्ड, म्हणजे ए५ ची घडी, ९.३ ग्रॅम भरते. वर २५० जीएसएमचा पूर्ण मापाचा एक थर सुमारे ३.९ ग्रॅम, साधं सी६ पाकीट चारपाच ग्रॅम. इथवर १८ ग्रॅमच्या आसपास राहता. तसाच आणखी एक थर चढवला की पुढचा टप्पा लागला. म्हणून गावोगाव पाठवायच्या कार्डांवर मी एकच थर ठेवते आणि उठाव हवा असेल तिथे सोनेरी पावडर किंवा एम्बॉसिंग फोल्डर वापरते. फोल्डरने कागद नुसता दबतो, वजन तेवढंच राहतं, आणि पाकिटावर शिक्का मारताना खाली काही टोचत नाही.