लॅपटॉपवर स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग: आठ महिने वापरून झाल्यावर

सांगलीत टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेलचा छोटा क्लास घेतो, घरातच, बॅचला दहा-बारा पोरं. लग्नसराईत निम्मी बॅच गायब आणि मग "सर तेवढं जीएसटीचं परत सांगा ना" सुरू, म्हणून ठरवलं की लेक्चर लॅपटॉपवरच रेकॉर्ड करून देऊन टाकायचं. लॅपटॉप साधाच, विंडोज ११, ८ जीबी रॅम. खर्च शून्य, सगळं फुकटातलंच वापरलंय.

आधी स्क्रीनशॉटचं उरकतो कारण त्यात फार काही नाही. मी वर्षानुवर्षं प्रिंट स्क्रीन दाबून, पेंट उघडून, त्यात पेस्ट करून मग कापत बसायचो. हसू नका, अजून किती जण तेच करतात. आता विंडोज + शिफ्ट + एस, पाहिजे तेवढा चौकोन ओढला, व्हॉट्सॲप वेबवर कंट्रोल + व्ही, विषय संपला. एकामागोमाग चार-पाच काढायचे असतील तर विंडोज + व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी चालू करून ठेवा, शेवटच्या २५ गोष्टी त्यात राहतात. उघडलेला मेनू फोटोत यायच्या आधीच मिटत असेल तर विंडोजमधल्याच स्निपिंग टूलमध्ये ३, ५ किंवा १० सेकंदांचा डिले लावता येतो. यासाठी वेगळं काही इन्स्टॉल करायची गरज मला तरी पडली नाही.

रेकॉर्डिंगने मात्र डोकं खाल्लं. सुरुवात विंडोजमधल्याच गेम बारने केली, विंडोज + ऑल्ट + आर, लगेच चालू होतं म्हणून खूश. पण तो एका वेळी एकाच विंडोचं रेकॉर्डिंग करतो आणि डेस्कटॉप घेतच नाही. माझा धडा होता टॅलीतून एक्सेलमध्ये रिपोर्ट काढायचा, तर व्हिडिओत टॅलीची विंडो ढिम्म आणि मागे मी एक्सेलबद्दल बडबडतोय. गेमसाठीची गोष्ट आहे ती, चूक आपलीच.

मग स्निपिंग टूलमधलंच रेकॉर्डिंग. दोन-पाच मिनिटांच्या क्लिपला भारी आहे, आजही कुणा पोराची शंका आली की तेच वापरतो. फक्त चौकोन सुरुवातीलाच नीट आखायचा, मध्येच बदलता येत नाही. आणि माईकचं चिन्ह बघायचं! मी ३८ मिनिटं घसा फोडून शिकवलं आणि ऐकायला बसलो तर मूकपट. तेव्हापासून काहीही असो, आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकतो आणि मगच धडा.

मोठ्या धड्यांना शेवटी ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या फुकट सॉफ्टवेअरवर स्थिरावलो. पहिल्या दिवशी स्क्रीन काळीकुट्ट. ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात तिथे हे होतं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगात जाऊन ओबीएसला पॉवर सेव्हिंगवर टाकलं आणि चित्र आलं, पण तेवढं सापडेपर्यंत माझा रविवार गेला. दुसरं म्हणजे व्हिडिओची फाईल एमपी४ऐवजी एमकेव्ही प्रकारात ठेवा. माझी बॅटरी मेलेलीच आहे, लाईट गेली की लॅपटॉप बंद, आणि साधी एमपी४ अशी अर्धवट तुटली की सहसा उघडतच नाही. एमकेव्हीत तोपर्यंतचं सगळं शाबूत राहतं, नंतर फाईल मेनूतल्या रीमक्सने तिची एमपी४ करायची, काही सेकंदांचं काम. बिटरेट (सेकंदाला किती डेटा साठवायचा तो आकडा) २५०० केबीपीएस ठेवलाय, तासाला साधारण सव्वा जीबीच्या आत बसतं, टॅलीत काय हलतंय असं, तेवढा पुष्कळ होतो.

खरा घोळ पुढे होता, तो म्हणजे पोरं बघतात मोबाईलवर. माझ्या स्क्रीनवर सुबक दिसणारं व्हाउचर (टॅलीतली व्यवहाराची नोंद) तिकडे मुंगीएवढं. आता रेकॉर्डिंगपुरतं लॅपटॉपच्या स्क्रीनचंच रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणतो, अक्षरं आपोआप मोठी होतात आणि फाईलही हलकी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर दाबून दाबून आकडे पुसट होतात, ३ आहे का ८ कळत नाही. डू नॉट डिस्टर्ब लावायचं तर विसरूच नका, ऐन बॅलन्सशीटवर कोपऱ्यात "येताना कोथिंबीर आणा" आलेलं बॅचने बघितलंय. आणि क्लायंटचा खरा डेटा कधीच उघडत नाही, टॅलीच्या एज्युकेशनल मोडमध्येच, म्हणजे शिकण्यासाठीच्या फुकट मोडमध्येच सगळं. त्यात १, २ आणि ३१ याच तारखा चालतात, त्यामुळे आमच्या कंपनीची सगळी विक्री एक तारखेलाच होते.

ओबीएसच्या नॉइज सप्रेशन फिल्टरने पंख्याची घरघर गेली. स्वयंपाकघरातल्या कुकरपुढे मात्र त्याचं काही चालत नाही, परवा एकीने मेसेज केला, सर डेप्रिसिएशन समजलं, पण तिसऱ्या शिट्टीनंतर गॅस बंद केला का नाही?