बांधकाम परवान्यांची विकत घेतलेली यादी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझा ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि दारे तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी सांगली-मिरज परिसरात नव्याने सुरू होणाऱ्या बांधकामांची एक यादी विकत घेतली आणि पुढच्या अडीच महिन्यांत तिच्यापायी एकूण १,२७,४८० रुपये घालवून बसलो. मोठ्या ठेकेदाराला ही रक्कम किरकोळ वाटेल, पण माझ्याकडच्या सहा कामगारांचा महिन्याचा पगार त्याहून कमी आहे. प्लंबिंग, वायरिंग, रंगकाम, लिफ्ट अशा व्यवसायांतील लोकांनाही अशाच याद्या दाखवल्या जात असल्याचे मला नंतर समजले, म्हणून हे लिहीत आहे.

यादी विकत घेण्याची बुद्धी का झाली, हे आधी सांगितले पाहिजे, कारण गरज खरी होती. खिडकीचे माप गिलावा झाल्यावर घेतले जाते, पण खिडकीचे काम कोणाला द्यायचे हे त्याच्या कितीतरी आधी, बहुधा वरचे स्लॅब पडत असतानाच ठरलेले असते. रस्त्यावरून जाताना अर्धवट उभी इमारत पाहून आपण आत शिरावे, तर साइट इंजिनिअर सांगतो की कोटेशन तीन महिन्यांपूर्वीच आली आणि एकाला होकारही गेला. आमच्यासारख्यांना काम मिळते ते ओळखीच्या वास्तुविशारदांकडून किंवा जुन्या ठेकेदारांकडून, आणि ती ओळख आटली की कारखाना थांबतो. अशा वेळी बांधकाम परवाना मिळताच मालकाचे नाव आणि जागेचा पत्ता आपल्याला कळेल असे कोणी म्हटले, तर कान टवकारले जाणारच.

आलेला माणूस पस्तिशीचा, बोलायला मऊ होता. पुण्यातील एका माहिती सेवेचा प्रतिनिधी अशी त्याने ओळख करून दिली आणि लॅपटॉपवर यादी उघडून दाखवली, ज्यात परवाना क्रमांक, दिनांक, मालक, वास्तुविशारद, मजले आणि चटईक्षेत्र असे रकाने होते. ही माहिती परवाने देणाऱ्या कार्यालयांतून आपल्याला ‘आतून’ मिळते, असे तो म्हणाला. त्या शब्दापाशीच मी थांबायला हवे होते. जी माहिती उघड आहे ती आतून आणण्याची गरज नसते आणि जी खरोखरच आतून आणलेली आहे ती विकत घेणे हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. दोन्ही बाजूंनी विचार केला असता, तरी उत्तर एकच निघाले असते.

नमुना म्हणून त्याने आठ नोंदी फुकट दिल्या. मी सांगलीच्या विश्रामबाग भागातील दोन आणि मिरजेतील एका ठिकाणी जाऊन आलो. तिन्ही ठिकाणी पाया खणण्याचे काम चालू होते, नावे बरोबर होती आणि एका बांधकाम व्यावसायिकाने माझे कार्ड ठेवूनही घेतले. माझी खात्री पटली ती इथे. त्या आठही नोंदी महारेराच्या, म्हणजे राज्यातील गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नुकत्याच नोंदलेल्या प्रकल्पांच्या होत्या, म्हणजे कोणालाही घरबसल्या, पैसे न देता पाहता येणाऱ्या होत्या, हे मला जानेवारीत कळले. त्याने नमुन्यात खोटे काहीच दिले नव्हते, आणि फसवणुकीची सगळी मेख त्यातच होती.

वार्षिक वर्गणी ३६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६,४८० रुपये, असे ४२,४८० रुपये मी दिले. पक्के बिल मिळाले आणि त्यावर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, जीएसटी क्रमांकही होता. पक्के बिल हातात आले की आपल्याकडे माणूस निर्धास्त होतो, तसा मीही झालो.

आठवडाभरात १४० नोंदींची यादी आली. भाच्याला दुचाकी आणि पेट्रोलचे पैसे देऊन मी पत्ते तपासायला पाठवले. पहिल्या तीन दिवसांत तो चौतीस ठिकाणी जाऊन आला. अनेक पत्त्यांवर इमारती पूर्ण होऊन लोक राहायला आलेले होते आणि खिडक्यांना पडदेही लागलेले होते. काही प्लॉटवर बाभळी वाढल्या होत्या. काही नोंदी स्पेलिंग बदलून दोनदा आल्या होत्या. एक पत्ता तर नदीकाठच्या अशा भागातला होता, जिथे २०१९ च्या महापुरात पहिला मजला बुडाला होता आणि जो निळ्या पूररेषेच्या आत येतो. तिथे चार मजली नवी इमारत मंजूर झाल्याचे यादी सांगत होती. निळ्या रेषेच्या आत नवे निवासी बांधकाम करता येत नाही, हे सांगलीत नदीकाठी घर असणाऱ्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मी मात्र ती टंकलेखनाची चूक समजून पुढे गेलो.

खरा घोळ दिनांकाच्या रकान्यात होता. सगळ्या परवान्यांचे दिनांक चालू वर्षाचे होते, पण परवाना क्रमांकाच्या शेवटी कुठे २०१७-१८, तर कुठे २०१९-२० असे आकडे तसेच राहून गेले होते. दिनांक बदलला होता, क्रमांक बदलायला कोणी विसरले होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार बांधकामाची परवानगी एक वर्ष टिकते आणि त्यानंतर दरवर्षी घ्यायची मुदतवाढ जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंतच मिळते, त्यामुळे इतक्या जुन्या आणि सुरूच न झालेल्या परवान्याचा अर्थ बहुतेक वेळा तो केव्हाच संपला एवढाच असतो. शिवाय परवाना ताजा असला तरी काम सुरू होईलच असे नाही. कर्ज अडकते, भाऊबंदकी निघते, किंवा मालक प्लॉटची किंमत वाढावी म्हणूनच नकाशा मंजूर करून ठेवतो. परवान्यापेक्षा जोते तपासणी, म्हणजे पाया जोत्यापर्यंत आल्यावर होणारी तपासणी, झाली की नाही हे विचारणे जास्त उपयोगाचे असते, हे मला तेव्हा सुचले नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस माझ्या कर सल्लागारांनी फोन केला. “दादा, ते छत्तीस हजारांचं बिल टू-बीमध्ये दिसत नाही, क्रेडिट घेता येणार नाही,” ते म्हणाले. टू-बी म्हणजे पुरवठादारांनी नोंदवलेली आपल्या खरेदीची बिले दाखवणारे जीएसटीचे विवरण, आणि त्यात बिल दिसल्याशिवाय भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. मी त्या माणसाला विचारले, तर त्याने शांतपणे सांगितले की त्यांची संस्था तिमाही विवरणपत्र भरते, त्यामुळे नोंद जानेवारीतच दिसेल. तिमाही विवरणपत्राची सोय खरोखर असते, म्हणून मी गप्प बसलो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून पाहायला दोन मिनिटे लागली असती. जानेवारीत टाकला, तेव्हा नोंदणी रद्द झालेली आणि नाव भलत्याच व्यवसायाचे दिसले. म्हणजे त्या ६,४८० रुपयांना मी कर समजत होतो एवढेच.

यादीबद्दल कुरकुर केल्यावर त्याने दुसरा डाव टाकला. खासगी परवान्यांत वेळ जातो, खरा पैसा सरकारी कामांच्या निविदा मंजुरीत आहे, असे म्हणून त्याने सातारा जिल्ह्यातील एका शासकीय इमारतीच्या कामाची कागदपत्रे पाठवली. त्यात निविदा क्रमांक, कामाचे नाव, अंदाजपत्रकीय रक्कम आणि मुख्य ठेकेदाराच्या नावे निघालेला कार्यारंभ आदेश असे सगळे होते. खिडक्यांचे उपकंत्राट मला मिळवून देता येईल, मात्र ठेकेदाराकडे पुरवठादार नोंदणी आणि अनामत म्हणून ८५,००० रुपये भरावे लागतील, असे तो म्हणाला. मी महाटेंडर्स या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर निविदा क्रमांक शोधला, निविदा खरी निघाली, आणि मी तिथेच समाधानाने संगणक बंद केला. त्याच पानावरून निविदेची स्थिती पाहायची सोय आहे, त्यासाठी लॉगिनही लागत नाही, फक्त पडद्यावरची अक्षरे भरावी लागतात. ती पाहिली असती तर आर्थिक देकार, म्हणजे ठेकेदारांनी भरलेले दर, अजून उघडलेलेच नाहीत, हे लगेच दिसले असते. देकार उघडण्याआधी कार्यारंभ आदेश निघत नाही, त्यामुळे माझ्या हातातला कागद कोणीतरी घरी तयार केलेला होता.

पैसे एका व्यक्तीच्या बचत खात्यात मागितले गेले होते, कारण म्हणे ठेकेदाराच्या चालू खात्याचे लेखापरीक्षण चालू होते. इतक्या वर्षांच्या व्यवहारात मला एक गोष्ट अंगवळणी पडलेली आहे, ती म्हणजे आमच्या धंद्यात पैसा अडकतो तो आमचा, ठेकेदाराकडे. आपल्या बिलातून तो पाच टक्के राखून ठेवतो आणि वर्षभर देत नाही. काम देण्याआधी उपकंत्राटदाराकडून रोख मागणारा ठेकेदार मी कधी पाहिलेला नव्हता. तरीही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी पैसे पाठवले, कारण कारखान्यात त्या महिन्यात एकच काम चालू होते.

अकराव्या दिवशी, मापे घ्यायला बोलावणे येत नाही म्हणून मी कराडमार्गे साताऱ्याला गेलो. त्या ठेकेदाराच्या कार्यालयातील वयस्कर हिशेबनीसांनी माझी कागदपत्रे पाहून मला आधी बसायला सांगितले आणि चहा मागवला. निविदा भरली आहे, पण काम मिळाले की नाही हे आम्हालाच माहीत नाही, असे ते म्हणाले. तोवर त्या माणसाचा फोन बंद झालेला होता. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर मी त्याच दुपारी तक्रार नोंदवली, पण रक्कम अकरा दिवसांपूर्वीच पुढच्या खात्यांत गेली होती. या क्रमांकाचा उपयोग पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दाखल आहे आणि मी तारखांना जातो.

मध्यंतरी मी स्वतःच शोधायला बसलो. महारेरावर जिल्हा निवडला की नोंदणीकृत प्रकल्प दिसतात, आणि प्रकल्पाच्या पानावर वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रात स्लॅबची टक्केवारी वेगळी आणि आतील भिंती, गिलावा, फरशी, ‘दारे-खिडक्या’ या कामांची मिळून एक टक्केवारी असते. खिडक्यांच्या धंद्यातल्या माणसासाठी याहून उपयोगाची माहिती कोणती असणार? स्लॅब साठ टक्के आणि ही दुसरी टक्केवारी शून्य दिसली, की त्या आठवड्यात जाऊन भेटायचे. जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर महारेरा नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे बंगले आणि लहान इमारती तिथे सापडत नाहीत. त्यांच्यासाठी मी माहिती अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून सहा महिन्यांत दिलेल्या परवानग्यांची यादी मागितली आणि पानाला दोन रुपये देऊन घेतली. तीत मालकांचे फोन क्रमांक नव्हते, आणि नसावेतच. जागेवर जाऊन बोलावे लागते, त्याला इलाज नाही.

त्या १४० नोंदींपैकी एकीने मला खरोखर काम दिले, मिरजेतील एका घराच्या अकरा खिडक्यांचे. काम संपल्यावर हिशेब करताना त्या मालकांनी सहज सांगितले की, आमच्याकडेही एक जण आला होता, ‘खात्रीच्या पुरवठादारांची’ यादी दोन हजारांना देऊन गेला. त्यांनी कपाटातून ती काढून दाखवली. खिडक्यांच्या सदरात माझे नाव आणि माझा फोन क्रमांक होता, आणि पुढच्या रकान्यात ‘अनामत भरलेला’ असे लिहिलेले होते. त्या पानाची छायाप्रत मी तक्रारीला जोडली आहे.