दहा बाय बाराची वाढीव खोली: नऊ महिन्यांनंतर पायाचा हिशेब

जुन्या घराला लागून 10 फूट बाय 12 फुटांची एक खोली वाढवून घेतली, तिचा वापर सुरू होऊन आता नऊ महिने झाले. खोलीत उजेड भरपूर आहे, दारे-खिडक्या नीट लागतात आणि छत कुठे गळलेले नाही. त्यामुळे त्यांबद्दल अधिक लिहीत नाही. लिहायचे आहे ते पायाबद्दल. एकूण खर्चाचा जवळपास चौथा हिस्सा जमिनीखाली गेला, तो कोणाला दिसत नाही. दिसते ती जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यावर उमटलेली एक उभी भेग.

लहान खोलीचा पायाही लहान, म्हणून खर्चही त्याच प्रमाणात कमी, ही माझी समजूत पहिल्याच अंदाजपत्रकाने खोटी ठरवली. पायाचा खर्च क्षेत्रफळापेक्षा भिंतींच्या लांबीवर अधिक अवलंबून असतो. आमच्या खोलीची 12 फुटांची एक बाजू घराला लागून असल्याने नव्या भिंती तीन, म्हणजे 32 फूट. हीच खोली 20 फुटांच्या बाजूने जोडून 12 फूट पुढे काढली असती, तर क्षेत्रफळ 120 वरून 240 चौरस फूट झाले असते, पण पायाची लांबी 44 फूटच भरली असती. हे गणित खोदकामानंतर सुचले, याची रुखरुख अजून आहे.

काटकसरीचा दुसरा प्रयत्न खोलीवर, म्हणजे पायाच्या खोलीवर, झाला. अडीच फुटांवर थांबावे असा माझा आग्रह होता. अभियंत्याने जुन्या पायाच्या तळाइतके, म्हणजे चार फूट, जाण्यास सांगितले. वर थांबलो तर जुन्या खोदकामाच्या वेळच्या सैल भरावावर नवी भिंत बसेल आणि त्याहून खाली गेलो तर जुन्या पायाखालची माती सुटेल, हे त्यांचे म्हणणे मी नाइलाजाने मान्य केले. खर्च वाढला, तो मला फुकटचा वाटला.

चौथ्या महिन्यात ती भेग दिसली, आणि एवढा पैसा ओतूनही पाया खचला, असे मी ठेकेदाराला बरेच ऐकवले. मात्र भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून मी दर रविवारी वर्नियरने, म्हणजे मिलिमीटरचा अंशही दाखवणाऱ्या मापकाने, अंतर मोजू लागलो, तेव्हा मत बदलावे लागले. खिळ्यांमधले अंतर आठ आठवड्यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढले आणि तेथेच थांबले. भेग वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची होती. पाया खचल्यावर दिसते तशी, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली एकही नव्हती. जुन्या भिंतीखालची माती कित्येक वर्षांपूर्वीच दबून बसलेली, नवीखालची आत्ता बसते आहे, तेव्हा दोघींत थोडा फरक पडणारच. चूक अशी की नकाशात दाखवलेला मोकळा सांधा न सोडता गवंड्याने दोन्ही भिंतींवरून सलग गिलावा ओढला होता. पाया निर्दोष ठरला. मी भांडलो मात्र त्याच्याच नावाने.

मोलाचे म्हणाल, तर घर पाहायला येणारा खोल्या मोजतो, पायाची खोली विचारत नाही. भेग मात्र त्याला पहिल्यांदा दिसते आणि तिच्यापायी तो भाव पाडून मागतो. म्हणून विक्रीच्या किमतीत हा चौथा हिस्सा वसूल होईल, असे मी धरलेले नाही. खोली रोज वापरात आहे, त्या वापरातच तो फिटायचा. पुढेमागे मजला चढवण्याजोगा भक्कम पाया करण्याची सूचना आम्ही नाकारली होती आणि त्या निर्णयाचा पश्चात्ताप नाही.

ठेकेदार तिसऱ्या तगाद्यानंतर आला. त्याने सांध्यावरचा गिलावा कापला, फटीत लवचीक सीलंट भरले आणि वर एकाच बाजूला खिळवलेली पट्टी बसवली. पट्टीचा रंग भिंतीशी जुळत नाही. तिचे पैसे मी शेवटच्या हप्त्यातून कापून घेतले आहेत.